बांधावरची गुरुत्वीय लहर

१३ एप्रिल, रविवार. बेंबळी, वावरात.
आजपासून संशोधन. बारावीला तेच ते फिजिक्स शिकवून माणूस गंजतो. विषय पक्का: गुरुत्वीय लहरींचा नॉनलिनिअर मेमरी इफेक्ट. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, लहर निघते, आपल्या अंगावरून जाते. गेल्यावर अवकाश पहिल्यासारखं होत नाही. कायमचं थोडं ताणलेलं किंवा आकसलेलं राहतं. लहरीच्या स्वतःच्या ऊर्जेलाही गुरुत्व असतं, म्हणून हा घोळ. परदेशात यासाठी मैलोन्मैल यंत्रं बांधतात. माझ्याकडे विहिरीचा कठडा आणि पूर्वेच्या बांधावरचा हद्दीचा दगड आहे. मधलं अंतर टेपनं मोजलं. आता दर रविवारी बायकोला गाडीवर घेऊन धाराशिवहून यायचं, सकाळी सातला मोजायचं. खाडा नाही.

२० एप्रिल. साडेअकरा.
जाग सातलाच आली होती. अंतर तेवढंच. विश्व शांत.

२७ एप्रिल.
मेव्हण्याकडे लग्न. विश्वाला एक आठवडा सूट.

४ मे.
दगड सरकला! विहिरीकडे चांगला दीड हात. परत मोजला. पुस्तकाप्रमाणे हा फरक अणूच्या केंद्रकाहून बारीक यायला हवा. माझा किंचित जास्त आला. नॉनलिनिअर म्हटल्यावर असं व्हायचंच.
बायकोला सांगितलं. वर्षाराणी म्हणाली, काल गोरोबाभावजींनी ट्रॅक्टर घातला होता, बांध कोरलाय त्यांनी. गोरोबा माझा चुलत भाऊ, बांधाला बांध लागून. तिला सगळ्यात गोरोबाच दिसतो. दगडाच्या बुडाशी माती ताजी होती हे खरं. पण लहर गेल्यावर माती हलणारच. बांधाच्या कडेला तिनं लावलेली शेवग्याची ओळ आहे. ती जाईल म्हणून तिचा जीव खालीवर. मोठ्या शोधाच्या वेळी घरच्यांचं हे असंच असतं.

११ मे.
गोरोबा चहाला आला. स्वतःहून विचारलं, दादा, लाट एकदा गेली की जागा माघारी येत न्हाय का? म्हणालो, नाही. कायमचं. त्याचा चेहरा असा उजळला! वर्गात इतक्या वर्षांत एकही असा पोरगा भेटला नाही. त्यानं परत समजावून घेतलं, मधे एकदाही मोबाईल बघितला नाही. लई खोल हाय हे, म्हणाला. शिकल्याल्या माणसानं लिहून दिलं तर गावालाबी पटंल.
लगेच लिहिलं. सदर दगड कोणीही हलवलेला नसून अवकाशातच कायमस्वरूपी बदल झाला आहे. खाली सही, एम.एस्सी. गोरोबानं फोटो काढला. माझं पहिलं प्रकाशन.

१८ मे.
दुसरी लहर. पहिलीपेक्षा मोठी. शेवग्याची अख्खी ओळ पलीकडं.
वर्षाराणीनं विचारलं, ट्रॅक्टरात डिझेल असलं तरच येतात का हो तुमच्या लाटा? योगायोग आणि कारण यांतला फरक समजावला. मग म्हणाली, आपलंच वावर कसं आकसतंय आणि त्यांचंच कसं वाढतंय? म्हणालो, एकीकडं आकसलं की दुसरीकडं ताणतं, हेच तर सूत्र आहे. (ताण काटकोनात यायला हवा. गोरोबाचं वावर सरळ पूर्वेला आहे. ते नंतर बघू.)
जर्नलसाठी इंग्रजीत लिहायला घेतलं. शीर्षक झालं.

१ जून.
वर्षाराणीनं भावकीतल्या आण्णासाहेबांना बांधावर बोलावलं. मला न विचारता. गोरोबानं मोबाईल काढून माझं लिखाण मोठ्यानं वाचलं. उच्चार चुकले, पण श्रद्धेनं वाचलं. आण्णासाहेबांनी मला विचारलं, तुमी शिकल्याले, तुमीच सांगा, दगड कुणी हलिवला?
वर्षाराणी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात दगडावर मला नांगराच्या फाळाचा ओरखडा दिसला. लांबलचक, पांढरा. पण गोरोबाही माझ्याकडेच बघत होता, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखा. म्हणालो, कुणीच नाही.
आण्णासाहेब म्हणाले, मग मिटलं. दगड हाय तितंच हद्द. वर्षाराणी वळून विहिरीकडं चालू लागली. तिनं भांडायला हवं होतं.

८ जून.
अंतर तेवढंच. लहर नाही. गोरोबा आठवडाभर फिरकला नाही. पेरणीची घाई असेल. पुढचा भाग समजावून सांगावा म्हणून आज मीच त्याच्या बांधावर गेलो. लहरींचा विषय काढला. तो ट्रॅक्टरवर बसूनच म्हणाला, कसल्या लाटा, दादा?
आठवण करून दिली. तो हसला, आणि इंजिन चालू केलं. माझं बोलणं मन लावून ऐकणारा तो एकटाच होता. वाईट वाटलं.
धाराशिवला परत निघताना वर्षाराणी गाडीवर मागं बसली नाही. एसटीनं गेली.