केवळ कर्तव्य म्हणून पाहिलेलं सॉकर

२१ सप्टेंबर १९७०
ही वही आजपासून कुलपात. मी, अ‍ॅम्ब्रोज टूही, आमच्या गेलिक, म्हणजे अस्सल आयरिश फुटबॉलच्या, क्लबचा दक्षता अधिकारी. नियम सरळ आहे. सॉकर हा इंग्रजांचा खेळ, म्हणून गेलिक खेळणाऱ्यानं तो खेळायचा नाही, बघायचाही नाही. बघताना सापडला की क्लबमधून बाहेर. परवानगी फक्त मला, कारण बघणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतंच. बारा वर्षं हे ओझं वाहतोय. परवा डब्लिनच्या डॅलीमाउंट मैदानावर आयर्लंड-पोलंड सॉकर मॅच. आमचा स्टार फॉरवर्ड लोर्कन डगन तिथे जाणार, असा दाट संशय आहे. हल्ली माझ्याशी फारच गोड बोलतो.

२३ सप्टेंबर
टोपी खाली, कॉलर वर. शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसलो. गर्दीकडे बघितलं तर लोकांना संशय येतो, म्हणून मैदानाकडेच बघितलं. लोर्कन दिसला नाही. आपण ०-२ हरलो. म्हणजे, ते हरले.

२४ सप्टेंबर
क्लबचा सेक्रेटरी हॅनरॅटी याला रिपोर्ट दिला. नऊ पानं. म्हणाला, अरे, साडेआठ पानं मिडफिल्डवर आणि लोर्कनवर एक ओळ? म्हटलं, पार्श्वभूमी लागते. हसला. हा त्यांना सामील असणार.

३ ऑक्टोबर
शत्रूचा इतिहास अभ्यासायला घेतला. बेलफास्टवाल्यांची टीम वेगळी, डब्लिनवाल्यांची वेगळी, आणि कित्येक वर्षं दोन्हींचं नाव आयर्लंडच. काही खेळाडू तर दोन्हीकडून खेळले. असल्यांवर विश्वास ठेवायचा कसा? बायको, डिम्प्ना, म्हणाली, मग ४९ साली इंग्लंडला त्यांच्या घरात हरवणाऱ्यांची अकरा नावं पाठ कशाला करतोयस? पुरावा म्हणून, दुसरं काय.

१४ ऑक्टोबर
स्वीडन. १-१. आपली पेनल्टी आत गेली तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. वेषांतराचा भाग. लोर्कन आजही नाही. इतका निर्दोष माणूस असूच शकत नाही. तपास पुढच्या वर्षीही चालू ठेवावा लागणार.

१७ ऑक्टोबर
लोर्कनला रस्त्यात गाठलं. सहज विचारलं, बुधवारी कुठे होतास? म्हणाला, घरी, काका, पोरीला खेळवत. सॉकर मी जन्मात पाहिलेलं नाही. तुम्हीच सांगा, कशी झाली मॅच? सापळा लगेच ओळखला. तरी पाऊण तास सांगितलं.

१२ एप्रिल १९७१
काल गेलिक संघटनेच्या बेलफास्टच्या अधिवेशनात सॉकरबंदीचा नियम रद्द. म्हणजे माझं पदही गेलं. हॅनरॅटीनं पाठीवर हात ठेवला. म्हणाला, सुटलास बाबा, बारा वर्षं नको तिथे जावं लागलं तुला. हो म्हणालो.

१० मे, संध्याकाळी
आज इटली. दुपारी लोर्कन दारात, हातात दोन तिकिटं. म्हणाला, काका, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत तेव्हापासून गोडी लागलीय, चला बरोबर. मागे हॅनरॅटीचा हात असणार. आज हो म्हटलं तर बारा वर्षांचा भलताच अर्थ लावतील. म्हणालो, मला या खेळात कधीच रस नव्हता. म्हणाला, खरंच? म्हटलं, खरंच.

डिम्प्नानं एप्रन काढला. म्हणाली, मग मी जाते. गेलीसुद्धा.

मला जायचं होतं. फार जायचं होतं.

तिला ऑफसाइड कळत नाही. तो लोर्कन आत्ता तिला चुकीचं समजावत असणार.