मांडीवर रक्तदाब मोजू देण्याबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
तयार कपड्यांचा कारखाना

विषय : गरोदर कामगाराचा रक्तदाब दंडाऐवजी मांडीवर मोजण्याबाबत (अर्ज तिसरा)
संदर्भ : आपले नकाराचे दुसरे पत्र

महोदय,

१. अर्जदार इस्त्री विभागात उभ्याने काम करते. तिला सातवा महिना चालू आहे. रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराने तिच्या दोन्ही हातांच्या नसा आवळल्या आहेत. मनगटाला नाडी लागत नाही आणि दंडावर रक्तदाब खोटा, कमी येतो. खरा मांडीवर कळतो. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी तो मोजला, फार वाढलेला पाहून कपाळाला हात लावला व बसून काम, रोज मांडीवर तपासणी, असे लिहून दिले.

२. आपल्या दवाखान्यातील सिस्टर मात्र दंडालाच पट्टा बांधतात. नाडी लागेना तेव्हा, जिवंत आहेस ना गं, असे त्यांनी हसत विचारले आणि 'प्रकृती उत्तम' असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर आपण अर्जदाराचा फोटो 'आदर्श गरोदर कामगार' म्हणून फलकावर लावलात व तिला जाड कोटांचे टेबल दिलेत. या सन्मानाबद्दल ती आभारी आहे.

३. मांडी उघडी करणे शिस्तीत बसत नाही, असे आपण कळवलेत. अर्जदाराने घरून पडदा आणला. साठ्यात नोंद नाही म्हणून तो पहारेकऱ्याने दारातच ठेवून घेतला. सासूबाई चादर धरून उभ्या राहायला तयार झाल्या, तर त्या कामगार नाहीत. आज हिला सवलत दिली तर उद्या साऱ्या जणी मागतील, असेही आपण लिहिलेत. साहेब, मांडी कोणी हौसेने दाखवते का?

४. सकाळपासून डोके ठणकते आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकत आहेत. अर्जदाराला हे मूल हवे आहे आणि त्याला वाढवायला ती स्वतःही जगायला हवी आहे. तरी एकदा, फक्त एकदाच मांडीवर

पुढचे अर्जदाराची नणंद लिहीत आहे. मी बटणांच्या टेबलावर असते. वहिनीला अक्षरे दिसेनाशी झाली, म्हणून तिला दवाखान्यात नेले. सिस्टरांनी दंडावर मोजून 'उत्तम' लिहिले आणि कामावर परत धाडले. दुपारी आकडी येऊन ती टेबलाखाली पडली. झगा कमरेपर्यंत सरकला. तिच्या मांड्या सगळ्या विभागाने पाहिल्या, दारात उभे राहून आपणही पाहिल्यात. मोजले कोणीच नाही.

रुग्णालयात पोचेपर्यंत वहिनी गेली, पोटातलेही गेले. अर्ज आपल्या नावाचा होता म्हणून पोचता करते. तिची सही तेवढी राहिली.

आपल्या कारखान्यातील,
अर्जदाराची नणंद

सोबत : डॉक्टरीणबाईंचे पत्र (तिसऱ्यांदा)