मदरबोर्डावरच्या अक्षता

पिंपळे सौदागर

प्रिय किसन यास,

उद्धवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबर हल्ली अर्ध्या वाटेत अडकते.) आम्ही इकडे खुशाल. तुझी खुशाली विचारायला फोन करतो, तर तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. राजगुरुनगर काही परदेशात नाही. मी मात्र परदेशात जाऊन आलो.

गिरजावहिनी गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस, गेल्या वर्षीची आमच्याकडची खंडेनवमीही चुकवलीस, हे मला अजिबात पटलेलं नाही. पण रागवायला पुढे वेळ आहे. आधी तैवान.

चाकणच्या कंपनीनं (निवृत्त झालो तरी सोडत नाहीत, खरं तर मीच सोडत नाही) पत्रा दाबायची नवी प्रेस बघायला तिकडे पाठवलं. मला प्रेसपेक्षा बाजारात रस. कॉम्प्युटरचे पार्ट तिथे स्वस्त मिळतात, असं आमच्या धाकट्यानं, म्हणजे तुझ्या लाडक्या जयदीपनं, डोक्यात भरवून दिलं होतं. एका दुकानात मदरबोर्ड आणि प्रोसेसर पसंत केला, भाव पाडून मागितला, आणि मागून हाक येईल या भरवशावर आपल्या पद्धतीनं पाठ फिरवून चालू लागलो. हाक आलीच नाही. अख्ख्या बाजाराला प्रदक्षिणा घालून पुन्हा त्याच दुकानात आलो, तर त्या भल्या माणसानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्यानं आधी सांगितलेल्याच भावाला माल बांधून दिला. तरीही इथल्यापेक्षा जे काही वाचलं, ते परतताना रस्ता चुकल्यामुळे टॅक्सीवाल्याला गेलं. घरी मात्र फार स्वस्तात पडलं असं सांगितलंय. तूही तसंच सांग.

विमानात बोर्ड बनियनमध्ये गुंडाळून मांडीवर धरून बसलो. हवाईसुंदरी सारखी म्हणत होती, वर ठेवा. ठेवतोय कसला! मला आपला पहिला कॉम्प्युटर आठवत होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक पार्ट जमवला, वहिनींच्या जुन्या लुगड्यात बांधला, आणि देहूरोडच्या तुझ्या खोलीपर्यंत माझ्या लुनावर तू मॉनिटर मांडीवर घेऊन आलास. प्रत्येक खड्ड्याला ओरडायचास, "आरं हळू! पोटुशी बाई मागं बसलीया असं समज!" वहिनींनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि मगच तुला बटण दाबू दिलं. पडदा उजळला तसे आपण तिघं वेड्यासारखे हसत सुटलो. तसं हसणं पुन्हा झालं नाही रे.

घरी आलो, तर आमच्या कौशल्येच्याही डोक्यात तेच. "गिरजानं पूजा केली म्हणून ते मशीन एवढी वर्षं चाललं," असं म्हणत, मी चष्मा शोधतोय तोवर तिनं हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता ठेवल्या आणि पडू नयेत म्हणून बोटानं दाबल्या. वहिनींनी बंद डब्याला लावलं होतं. हिनं थेट उघड्या बोर्डाच्या, प्रोसेसर बसवायच्या खोबणीत. तिथल्या केसाएवढ्या पिना वाकल्या आणि एक तांदूळ आत रुतून बसला. मी तैवानच्या दुकानाला फोटो पाठवला. त्यांनी वॉरंटी नाकारली, पण हे पिवळं काय आहे, असं फार आदरानं विचारलंय.

तेव्हा चिमटा आणि भिंग घेऊन तातडीनं ये. पिना सरळ करायला तुझ्यासारखा स्थिर हात आमच्याकडे कुणाचा नाही.

तुझाच,
उद्धव

ता. क. नवा डबा घेतलेला नाही. देहूरोडची खोली सोडताना तू आमच्याकडे ठेवलेला जुनाच माळ्यावरून काढलाय. वहिनींच्या बोटाचं कुंकू फिकट झालंय, पण आहे. पुसायला आमच्यापैकी कुणाचाच हात धजला नाही.

आणखी एक ता. क. कौशल्या म्हणते, खरं काय ते लिहा. पिना जयदीपनं परवाच सरळ केल्या. मशीन त्या जुन्या डब्यात बसवून तयार आहे. फक्त अजून चालू केलेलं नाही. बटण तू दाबायचंस.