दाढ काढताना तू न्हाई म्हणालीस

प्रिय पुनम,

मी दवाखान्यात येऊन काहून बसत न्हाई, असं कुणी इचारलं न्हाई, तरी सांगते. म्हशी हायत, हरभरा काढायला आलाय, आन् तुझ्या खाटंपाशी बसून डोळे पुसणाऱ्या बाया तिथं आधीच गोळा झाल्यात. त्यात मी एक वाढून तुझं दुखणं कमी व्हणार न्हाई. फोन केला तर तुला शब्द सापडत न्हाईत, तू नुसती मुसमुसतीस आन् मी इकडं हॅलो हॅलो करत बसते. डॉक्टरीणबाई आपल्या विश्वंभरला म्हणाल्या, तिला वाचता येतंय, समदं समजतंय, बोलणं तेवढं अडकलंय, तेबी येईल हळूहळू. म्हणून हा कागद. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसशील. हस. तोंडाला व्यायाम व्हईल.

मला तुझा राग आलाय. लई आलाय. आजारी माणसावर रागवू नये म्हणतात, म्हणू दे.

दिवाळीच्या तोंडावर तुझी दाढ ठणकत व्हती, गाल फुगला व्हता. लवंगेनं भागंना, मग मीच तुला औंढ्याला नेलं. देवळापाशी तू थांबलीस, मी म्हणलं आधी दाढ, मग नागनाथ. त्या दाढवाल्या डॉक्टरानं तुला खुर्चीत निजवलं आन् सरळ इचारलं, साखर, बीपी, हृदयाची काही तकलीफ? तू डोळे फिरवून मपल्याकडं बघितलंस. मी पिशवी मांडीवर घेऊन बाजूलाच बसले व्हते. मग म्हणालीस, न्हाई. मला वाटलं दाढंच्या कळंनं बघून राहिली. मीच मेली येडी. पदरानं तुझा घाम पुसला.

पुढं ताप सुरू झाला. दिवस बुडाला की हुडहुडी, सकाळी गोधडी भिजलेली. गावातला डॉक्टर सलाईन लावायचा, इंजेक्शन टोचायचा, दोन-चार रोज तू उठून कामाला लागायचीस, परत तेच. मलेरिया म्हणून झाला, टायफाड म्हणून झाला. जनकाबाई शेजारून येऊन सांगायची, दृष्ट हाय, मिरच्या उतरव. मी म्हणलं, मिरच्या मी भाजीत घालते, तू घरी जा. मंग तुझ्या नखाखाली बारीक लाल-काळ्या रेघा दिसल्या, काटे मोडल्यावानी. तुरीचा हंगाम व्हता, मला वाटलं काड्या उचलताना कुसळं घुसली. चष्मा लावून सुई घेऊन बसले काढायला. काहीच निघंना. तू हात पुढं करून गुमान बसलीस, रगत आलं तरी. एवढ्या वेळात एकदा तोंड उघडता आलं असतं ना? आत्याबाई, मला लहानपणापासनं असं असं हाय. एवढंच तर बोलायचं व्हतं.

त्या दिवशी सकाळी भाकर थापताना तुझ्या हातातनं परात सुटली, तोंड वाकडं झालं, आन् तू मला काहीतरी सांगायला बघत व्हतीस पण नुसता आवाज येत व्हता. ते मी कुणाला सांगत न्हाई. हिंगोलीहून नांदेड गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं कागदावर काळजाचं चित्र काढून दाखवलं. काळजात झडपा असतात म्हणे, मोटारीच्या पाइपात असती तशी, रगत उलटं फिरू न देणारी. तुझी एक झडप आधीच खराब व्हती, तिच्यावर जंतूनं घर केलं. दाढंतनं रगतात उतरले असतील म्हणे. गावातल्या अर्ध्यामुर्ध्या इंजेक्शनानं ते मरेनातबी आन् तपासणीत सापडेनातबी. त्यातलाच एक तुकडा सुटून मेंदूत जाऊन बसला. मी इचारलं, आधीच खराब कशी? लग्न झालं तवा तर धडधाकट व्हती. तवा तुझा बाप सोनाजीराव भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

सोनाजीरावांनी मंग सांगितलं समदं. शाळेत असताना सांधे सुजले, ताप आला, त्यात झडप गेली. दर तीन आठवड्याला इंजेक्शन चालू व्हतं. लग्न जमलं तसं बंद केलं, सासरी कळंल म्हणून. तुझी आई मला म्हणती, विहीणबाई, समदेच असं करतात. व्हय, करतात. पोरीचा चष्मा झाकतात, पोराची दारू झाकतात. पण चष्मा झाकल्यानं कुणाची वाचा जाती का? मी त्या व्हरांड्यात एवढी बोलले की सिस्टर बाहेर आली. तुला आत ऐकू गेलं असंल. बराबर, ऐकू जावं म्हणूनच बोलले.

आई-बापाचं सोड, त्यांना मी लग्नात दिसले तेवढीच. तू तर दोन वर्षं एका चुलीवर जेवलीस मपल्यासंगं. मपलं तोंड तिखट हाय, धरणापलीकडच्या गावालाबी ठाऊक हाय. पण तिखट तोंडाची बाई आजारी लेकराला घराबाहेर काढती, हे तुला कुणी शिकवलं? मला भेलीस? काळजापेक्षा सासू मोठी झाली व्हय?

काल विश्वंभर कपडे न्यायला आला. ताटावर बसला आन् जेवंना. मंग बोलला. झडप बदलायचं ऑपरेशन केल्याबिगर इलाज न्हाई, डॉक्टरीणबाई रोज इचारतात आन् तू रोज मान हलवून नकार देतीस म्हणे. सोनाजीराव म्हणतात, आमी तिला माघारी कनेरगावला आमच्या घरी नेतो, तुमी पोराचं दुसरं बघा. त्याला मात्र तू व्हय केलंस. आन् त्या फोटूच्या मशिनीत घालताना काढलेली जोडवी सिस्टरनं परत दिली तर तू घातली न्हाईस, रुमालात बांधून विश्वंभरच्या खिशात घातलीस. मला द्यायला. वा. सोडचिठ्ठीबी आता मुक्यानं द्यायला लागले लोक. तर ऐक. ऑपरेशन व्हणार. विश्वंभर उद्या सही करंल, तूबी उजवा हात उठत नसंल तर डाव्या हाताचा अंगठा दे. बरी झालीस की इंजेक्शनाला तुला मी नेईन, एसटीनं, समद्या गावादेखत, आन् कुणी इचारलं तर मोठ्यानं सांगीन की सुनंच्या काळजाचं इंजेक्शन हाय. दुसरी सून बघायला मला सवड न्हाई. जोडवी याच कागदात गुंडाळली हायत. पाय सुजलाय म्हणाला विश्वंभर, म्हणून सोनाराकडून सैल करून आणली. सिस्टरला सांग, घालून दे. मला याच्यावर एक अक्षर लिहायचं न्हाई आन् तुझंबी काही ऐकायचं न्हाई.

तुझीच,
आत्याबाई