डाव्या काखेखालची शिवण

१२ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! ट्रकमधून शेवटची खुर्ची उतरली तेव्हा विनी मेपलखाली लोळत होती. केसांत पानं, मोज्यांत पानं, आणि पुढचा एक दात जिभेने हलवण्याचा उद्योग चालूच. घर लहान आहे, पण पुढे ओटा आहे, आणि ओट्याच्या पायरीवर हॅलोविनचा, नाकडोळे कोरलेला भोपळा कुठे बसणार तेही तिने ठरवून टाकलंय. कोलंबस शहरातल्या फ्लॅटमध्ये दारापुढे पायपुसणंसुद्धा मावत नव्हतं. कर्टचा फोन आला होता. म्हणाला, सहा वर्षांच्या पोरीला घेऊन त्या केटल फोर्कसारख्या आडगावात करणार काय तू? म्हटलं, तुझं तोंड बघावं लागणार नाही, एवढं मला पुष्कळ आहे. घटस्फोटाचा हा एक फायदा, फोन आपल्याला हवा तेव्हा ठेवता येतो.

सोमवारपासून दातांच्या दवाखान्यात कामावर जायचंय, रिसेप्शनला. संध्याकाळी शेजारच्या अर्डिथ केस्लर बाई कुंपणापाशी आल्या. सत्तरीच्या, काटक, गळ्यात मोजपट्टी. मी हसून हात पुढे केला, तर हाताकडे बघून विचारतात, शिवता येतं का? म्हटलं, बटण लावता येतं, पण तेही दोन दिवसांत निघतं. बाई काही हसल्या नाहीत. नसू देत. मी आज खूष आहे.

२९ सप्टेंबर

ऐकावं ते नवलच. शाळेतून सांगून आलंय की हॅलोविनला मुलांचे पोशाख घरीच शिवायचे, आणि तेही आईनेच. विकतचे चालत नाहीत. मी तिच्या वर्गाच्या बाईंना फोन करून म्हटलं, अहो, मी ऑनलाइन मागवते ना, छान मिळतात. त्यांना असं लागलं, जशी काही मी शिवी हासडली. मग म्हणाल्या, केटल फोर्कमध्ये असं कोणी करत नाही.

विनीला कोल्हा व्हायचंय. शेपूट जमिनीला लागली पाहिजे, ही अट.

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या बाया मिळून शिवतात. गेले बापडी. एकीनेही खुर्ची सरकवली नाही. एक म्हणाली, ही बघा कोलंबसची बाईसाहेब आली. झालं, तेव्हापासून माझं नावच कोलंबस पडलंय. ए कोलंबस, सुई उलटी लावलीस. ए कोलंबस, दोरा आधी ओवायचा असतो बरं का. मी भोपळ्याचा गोड ‘पाय’ भाजून नेला होता, त्याला कोणी बोटही लावलं नाही. अख्खा परत आणला आणि विनीने नि मी जेवणाऐवजी तोच खाल्ला.

७ ऑक्टोबर

शिवणकामाच्या व्हिडिओतली बाई म्हणते, अगदी सोपं, तासाभरात तयार. तिला एकदा माझ्या घरी बोलवायला हवं. नारिंगी लवदार कापड आणलं, अर्डिथबाईंनी दिलेला खाकी कागदाचा नमुना वर ठेवला, टाचण्या लावल्या, कापलं. मग बघते तर दोन्ही पाय डावेच! कापड उलटून घ्यायचं असतं, हे मला कोण सांगणार? पुन्हा दुकानात. नव्याच घेतलेल्या शिलाई मशीनखाली दोऱ्याचा असा गुंता झाला की घरटंच म्हणावं. कॉफीत लव, नाकात लव.

तळघरात नेलं तर एकीने दोन बोटांनी उचलून विचारलं, हा कोल्हा होय? मला वाटलं बटाट्याचं पोतं. सगळ्या खिदळल्या. मीही हसले, पण घरी येऊन चांगली रडले. विनीने गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, ममा, मला पोतं आवडतं.

१६ ऑक्टोबर

कान बसले. एक जरा वाकडा आहे, विनी म्हणते तो ऐकतोय. बाह्या लागल्या, पाठ लागली. सरळ टीप यायला लागलीय, खोटं कशाला बोलू, मजा येतेय.

आज तळघरात अर्डिथबाईंनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, डावी बाजू काखेपासून कमरेपर्यंत शिवायची नाही. नुसत्या पिना लावायच्या. घरी आल्यावर पोराचा हात धरायचा, नाव घेत राहायचं आणि त्या फटीतून बाहेर काढायचं. गळ्यातून नाही, काही झालं तरी. मी विचारलं, का बरं? तर म्हणतात, का ते विचारायला तू इथली आहेस का? दुसरी म्हणाली, तुझं तर बरंच झालं की कोलंबस, एक शिवण वाचली. पुन्हा तेच खिदळणं.

पाहिलं मी, सगळ्यांच्याच पोशाखांची डावी कड उघडी होती. गावच्या गाव अर्धवट शिवतं आणि वर मला शहाणपण शिकवतं.

२५ ऑक्टोबर

विनीला खोकला झालाय. कोरडा, लागोपाठ तीनदा येतो आणि थांबतो. बाहेर वारा असा की डोळ्यांतून पाणी काढतो. आणि या बाया म्हणतात, पोरीची एक कड उघडी ठेवून तिला गावभर फिरव! मी काही वेडी नाही.

दुपारी बसले आणि शिवून टाकली. आधी मशीनची दुहेरी टीप, मग वरून हाताने बारीक उलटे टाके. आजवर शिवलेली सर्वांत सुंदर शिवण! ओढून पाहिली, जरा म्हणून हलली नाही. विनीला घालून दाखवलं. म्हटलं, बघ, कुठेही उघडं ठेवलं नाही, आता थंडी लागणार नाही. ती गोल गोल फिरली आणि शेपटीत पाय अडकून पडली. हसता हसता खोकली. मला माझाच अभिमान वाटला.

३१ ऑक्टोबर

विनी झोपलीय. दमले आहे, पण लिहायलाच हवं, कारण त्या म्हातारीचा राग डोक्यातून जात नाहीये.

गोळ्या मागत दारोदार फिरलो. विनीची बादली गोळ्यांनी भरली. शेवटी अर्डिथबाईंचं घर. त्यांनी गोळ्या टाकल्या आणि विनीच्या डाव्या कुशीवर हात फिरवला. चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाल्या, मूर्ख पोरी, शिवलीस? आत्ताच्या आत्ता बस इथे ओट्यावर आणि उसव. पोरांसमोर, गावासमोर! मी म्हटलं, मूर्ख कोणाला म्हणता? आधी आपल्या कडा शिवा आणि मग मला शिकवा. विनीचा हात धरून निघून आले. त्या कुंपणापर्यंत मागून ओरडत आल्या. मी दार लावून घेतलं.

येताना इतर ओट्यांवर पाहिलं, आया फटीत हात घालून नावं घेत होत्या आणि पोरं काखेतून बाहेर येत होती. हसू आलं मला.

विनीचा पोशाख मी डोक्यावरून काढला, माणसासारखा. गळ्याशी डोकं अडकलं. जरा वेळ आतून आवाजच नाही, हालचालही नाही. मी घाबरून जोरात ओढलं तेव्हा आली बाहेर. केस विस्कटले नव्हते. खोकलाही थांबलाय. उबेचा गुण, दुसरं काय.

१ नोव्हेंबर

विनीने गोळ्यांना हात लावला नाही. मी चॉकलेट सोलून दिलं तर धरून बसली, हातात वितळेपर्यंत.

आणि दात. दीड महिना लोंबत होता तो दात. आज तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. घट्ट आहे. दवाखान्यात सहज विचारलं, हलणारा दुधाचा दात पुन्हा घट्ट बसतो का हो? डॉक्टर म्हणाले, रात्रीतून? मग हसले.

मी नाही हसले.

३ नोव्हेंबर

ती मशीनपाशी बसून असते. विनीला मशीनचा आवाज आवडायचा नाही, कानांवर हात ठेवायची. ही विचारते, दोरा कसा ओवतात, दुहेरी टीप कशी मारतात. एकदा दाखवलं की येतं तिला.

पोशाख कपाटात टांगलाय. आज दार उघडलं तर हँगर खाली वाकला होता. कापडाला हात लावला. ऊबदार आहे. झोपलेल्या पोराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटलं मला, पण तरी मनात म्हटलं, शेजारून पाइप जात असेल.

कपाटाच्या भिंतीतून पाइप जात नाही. नंतर पाहिलं.

५ नोव्हेंबर

दुपारी ती समोर बसली होती, हातात सुई, तोंड मिटलेलं. आणि खोकला आला. कोरडा. लागोपाठ तीनदा.

कपाटातून.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि शिवत राहिली.

माझी विनी कपाटात आहे. देवा, माझी विनी त्या कापडात आहे आणि मी तिला तिथे शिवून टाकलंय.

६ नोव्हेंबर

कुंपण ओलांडून गेले. अर्डिथबाईंचे पाय धरले म्हटलं तरी चालेल. त्यांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, त्या संध्याकाळी पोरांबरोबर पोशाखात आणखी काहीतरी शिरतं. कोण, कुठलं, ते विचारू नकोस, आम्हीही विचारत नाही. गळ्यातून ते बाहेर येतं, पोर फटीतून येतं, म्हणून फट ठेवायची. फट नसली की पोर आतच राहतं.

म्हटलं, तुम्ही उसवा ना, तुमचा हात चांगला आहे. म्हणाल्या, ज्या हाताने शिवलं त्याच हाताने उसवायचं. कापड फाडायचं नाही, आता ते तिचं अंग आहे. फक्त टाके काढायचे. आणि ओट्यावरचा भोपळा कुजून खाली बसायच्या आत.

मी म्हटलं, हे आधी सांगितलं असतंत तर? म्हणाल्या, तू ऐकलं असतंस? आणि दार लावलं.

ऐकलं नसतं. खरं आहे.

भोपळ्याचं तोंड आत वळलंय. डोळे लहान झालेत.

७ नोव्हेंबर

कात्र्या नाहीत. एकही. टाके काढायची आकडी नाही. सुऱ्या नाहीत. नखांनी प्रयत्न केला — लवेत टाके सापडत नाहीत — दुहेरी टीप — कशाला शिकले मी —

कापडाला कान लावला. आतून म्हणाली, ममा. फार लांबून.

ती दारात उभी होती. म्हणाली, आपण ते जाळून टाकू या का, घाण वास येतो. मी म्हटलं, नको सोन्या. हसून म्हटलं. सोन्या म्हणाले तिला मी.

८ नोव्हेंबर

ती नारिंगी कापड शिवतेय. नवा तागा. मोठा नमुना. सकाळी जाग आली तर माझ्या खांद्यावर मोजपट्टी होती — ती म्हणाली, ममा, हात वर कर ना.

दवाखान्यातून दात तपासायची टोकदार आकडी उचलली. बाहीत लपवून आणली. भोपळ्याचं झाकण आत पडलंय.

९ नोव्हेंबर

दुपार. न्हाणीघरात आहे, कडी लावलीय. पोशाख मांडीवर. खाली मशीन चालू आहे, तोवर ठीक.

आकडी बसतेय. टाका निघतोय. एकेक. वही बरोबर घेतली, खिडकीतून अर्डिथबाईंच्या अंगणात टाकेन. त्यांना कळलं पाहिजे.

अर्धी उसवली —

आतून हात आला — गार — अंगठा धरलाय माझा — विनी, विनी, विनी — खोकली — आली गं, आई इथेच आहे —

मशीन थांबलं.

जिन्यावर —

खांदा आला बाहेर — केस — केसांत पानं आहेत —

कडी सरकतेय. कडी माझ्या बाजूला आहे आणि सरकतेय —

तिने शिवून आणलंय. माझ्या मापाचं. म्हणते, बघ ममा, कुठेही उघडं ठेवलं नाही — आता थंडी लागणार नाही —

अंगठा सोडवणार नाही मी — ओढते आहे — डोकं आलं — विनी —

मऊ आहे — डोक्यावरून —

अर्डिथबाई, घरात दोन मुली असतील. जिचा दात हलतो ती —