पन्नास नंबरच्या बाप्पाखालचा पडदा

२४ ऑगस्ट, हमरापूर

आणले एकदाचे! तीन पडदे, तीन पाकिटं. एकावर ०, एकावर ५०, एकावर १००. मुंबईच्या किरणकेंद्रात कुठल्या पडद्यानं किती गॅमा किरण खाल्ले त्याचे आकडे. शून्यवाला तसाच, कोरा. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटात हा पातळ पडदा बसतो. उद्या असा घट अवकाशात नाहीतर अणुभट्टीपाशी चालवला तर पडदा किती टिकेल, हे मला सांगायचंय. तीन वर्षं मी एकच म्हणतेय – जितके किरण जास्त, तितका पडदा लवकर मरतो. ह्या शेवटच्या तिघांनी साक्ष दिली की प्रबंध पुरा.

आणि लवकर व्हायला हवा. माझे मार्गदर्शक सॅम्युएल सर त्यांच्या ज्यू नव्या वर्षाला, ह्याच सप्टेंबरात, कायमचे इस्रायलला चाललेत, मुलीकडे. नाओमी किती वर्षं बोलावतेय. आता तिकीटच काढलंय. सर गेले की रोह्याच्या प्रयोगशाळेत माझं ऐकून घेणारं कोण उरणार? शिपाई आणि पाली.

मैनाकाकूला वाटलं पडदे अंधारात चमकतात. म्हटलं, अगं, अमेरिकेला जाणारा हापूससुद्धा असल्याच किरणांतून जातो. तर म्हणे, "तरीच आपल्या वाट्याला येत नाय."

घरात माणसांपेक्षा गणपती जास्त. पाकिटं काकांच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या फळीवर ठेवली.

२६ ऑगस्ट

पन्नासचं पाकीट रिकामं! शंभरचंही!

काकू उंदराला रंग देत होती. मान वर न करता म्हणाली, "पन्नास नंबर कालच गडब गावाला गेला की, वैशालीवहिनींकडं."

आमच्याकडे प्रत्येक मूर्तीला नंबर असतो. गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं, त्यावर मूर्ती बसते, आणि ओला रंग पाटाला चिकटू नये म्हणून मधे प्लास्टिकचा कागद. काकूला फळीवर नंबर घातलेले झकास कागद दिसले. तिला वाटलं काकांनी खास गिऱ्हाइकांसाठी आणलेत. शंभर नंबर साखरचौथीचा गणपती, अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला बसणारा, म्हणून अजून इथंच होता. त्याच्याखालून माझा पडदा ओढून काढला. शून्य नंबरचा गणपती नसतो, म्हणून शून्य पाकिटात राहिला.

काकूवर ओरडणार होते. सणाचं तोंड, म्हणून गिळलं.

२७ ऑगस्ट

गडबला गेले. उशीर झाला. वैशालीवहिनींकडे प्राणप्रतिष्ठा होऊन आरतीही झालेली. पाटाच्या कडेनं माझा पडदा बोटभर बाहेर आलेला, हळदीकुंकवानं माखलेला.

"वहिनी, बाप्पा जरासा उचलता येईल का?" त्यांनी असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. एकदा बसवलेला देव उत्तरपूजेआधी कुणी हलवतं का? विचारलं, दीड दिवसांचा ना? "नाय गो, गौरीबरोबर जातो."

सरांना फोन केला. म्हणाले, "देवाच्या बसण्यात आपण पडायचं नाय. तोवर बाकीचे दोन तपास."

३० ऑगस्ट, रोहा

दोन्ही पडदे गरम पेरॉक्साइडमध्ये टाकले होते. त्यात जो जास्त तग धरेल तो खरा. शंभरचा चुरा झाला, तो होणारच होता. पण शून्यही मेला! ज्याला किरणांचा वारासुद्धा लागला नाही तो! त्याला कडेला चीर होती, ती आणताना गेली असं मी धरलं होतं, पण चिरेनं एवढं होत नाही. सरांनी चष्मा पुसला, परत बघितलं, परत पुसला.

तीन वर्षं पाण्यात? आता सगळी मदार पन्नासवर, आणि पन्नासवर बाप्पा बसलेला.

३१ ऑगस्ट

आजही गडब. आरतीत वाकून वाकून पडद्याची कड बघते. वैशालीवहिनी शेजारणीला सांगत होत्या, "एवढी भाविक पोरगी मी नाय बघितली." मग मला मोदक वळायला बसवलं. माझे मोदक बघून परत देवापुढे नेऊन बसवलं.

२ सप्टेंबर

मिळाला! उत्तरपूजा झाली, बाप्पा हलला, मी झडप घातली. वहिनी म्हणाल्या, "प्लास्टिक पाण्यात जायला नको म्हणून ना? शिकलेल्या पोरींचं हेच बरं." होय म्हटलं. काय सांगणार?

६ सप्टेंबर, रोहा

धुऊन, उकळून तपासला. पन्नास टिकला. टिकला म्हणजे कसा – पेरॉक्साइडमधून काढला तर जसाच्या तसा!

सर खुर्चीतून उठले. "निशिगंधा, मधल्या मात्रेला पडदा घट्ट होतोय. आपण उलट्या बाजूनं बघत होतो!" म्हटलं, सर, एकाच तुकड्यावर? "मग परत करू. दहा करू."

घरी सांगितलं. काकू म्हणाली, "बाप्पाखाली होता, घट्ट व्हणारच." सरांना कळवलं. म्हणाले, प्रबंधात घालू नकोस.

८ सप्टेंबर

सरांनी तिकीट रद्द केलं. नाओमी फोनवर रडली म्हणे. सर मात्र तरुण दिसतायत, नव्या पडद्यांची मागणी स्वतः टाइप केली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी येताना एसटीत गाणं गुणगुणले, शेजारची बाई सरकून बसली.

१० सप्टेंबर, साखरचौथ

शंभर नंबर न्यायला माणसं आली. काकू पाटावर साधा कागद घालताना म्हणाली, "तुझ्या त्या भारीच्या कागदांपरीस ह्यो बरा. पन्नासवाला नुसता दुमडला तर चिरला. बाप्पाखाली फाटका कसा घालू गो? मग शून्यवाला घातला. फाटका फेकला नाय हां, शून्याच्या पाकिटात नीट ठेवला."

म्हणजे रोह्याला मेला तो पन्नास, आणि टिकला तो कोरा. माझंच बरोबर होतं.

सरांना फोन केला. इतके हसले की ठसका लागला. "म्हणजे प्रबंध झाला की गो तुझा." मग म्हणाले, "नाओमीला कळवतो, येतो म्हणून."

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं. मी कारखान्यात गणपतींच्या मागे जाऊन रडले.