कुंकवापुरतं ठरलं होतं

२ डिसें., मंगळ. केज
पाटोद्याहून बायोडेटा मागवलाय. त्यात 'मुलीच्या वडिलांविषयी' एक ओळ. एका ओळीत काय काय बसवू? या हातांनी केलेलं: उसाच्या ट्रॉल्या (पहिलीचं चाक तिरकं बसलं होतं, त्यानंतर एकही नाही). पेरणी यंत्र, वळणावरही बी सांडत नाही. बाजार समितीचं सरकतं फाटक, एका बोटानं ढकलावं. आमच्या शेडचं छत. घराचा जिना. ऋतुजाचा पाळणा. कुणाच्या हाताखाली राहून शिकलो नाही, आयटीआयची पायरी चढलो नाही. भाऊ म्हणाले, "उद्योजक लिही." लिहिलं. अक्षर छान आलं.

मुलगा रणजित. पाटोद्याच्या बापूसाहेबांचा धाकटा. ते कारखान्याचे चेअरमन. आमचे थोरले भाऊ बाजार समितीचे सभापती. मागच्या निवडणुकीपासून दोन्ही घरांत बोलणं बंद. अन् पोरं म्हणतात, करीन तर याच्याशी, करीन तर हिच्याशी. दोन्हीकडचे पुढारी गपगार. मजा वाटली, खोटं कशाला लिहू.

४ डिसें.
जेवणं झाल्यावर ऋ. शेडमध्ये आली. दार लोटलं.
"अप्पा, सगळं खोटं हाय."
ती अन् र. अंबाजोगाईला एका वर्गात होते. त्याच्यासाठी बापूसाहेबांनी मंत्र्याची पुतणी बघून ठेवलीय, त्याला नको. हिला दर रविवारी बघायला कोणी ना कोणी येतं, पोहे करून हिची आई थकली. म्हणून दोघांनी ठरवलं: गुढीपाडव्यापर्यंत होय म्हणायचं, मग ऋ. नकार देणार.
"नुसतं कुंकू लावून घ्यायचं. कुंकवानं कोनी अडकत न्हाई. सुपारी तेवढी फुटू देऊ नका."
"मग मला कावून सांगायलीस?"
"तुमाला खोटं जमत न्हाई. आत्तापासून सराव करा."
हिच्या आईला, भाऊंना सांगायचं नाही. बघू.

७ डिसें., रवि.
कुंकू झालं. पाटोद्याच्या गाड्यांनी गल्ली भरली. पेढे वाटले, सगळं ठरल्यासारखं. मी निवांत होतोय तोवर भाऊ उठले. अबोला मिटल्याच्या भरात त्यांना राहवेना. ताटातली सुपारी उचलली, "आता दुसरा मुहूर्त कशाला, बापूसाहेब," म्हणत पाट्यावर ठेवली अन् वरवंटा घातला. मी हात पुढं करेपर्यंत तुकडे. "फुटली, फुटली" करत पाव्हणे एकमेकांच्या गळ्यात.

म्हणजे लग्न पक्कं, शब्द गेला. आता जे घर माघार घेईल त्याच्या नावानं दोन तालुके बोलणार. र. सुपारीकडं बघत बसलेला. ऋ. माझ्याकडं. बापूसाहेब हसले, पण ओठांनीच.
संध्याकाळी ऋ.: "तुमाला एकच काम सांगितलतं, अप्पा."

१९ डिसें. येळवस, शेतातली वेळ अमावस्या.
ठरलेला जावई म्हटल्यावर शेतात बोलावणं आलंच. र.च्या घरी येळवस करत नाहीत, त्याला सगळंच नवं. कडब्याची कोप, आत पाच पांडव मांडलेले, भज्जी, उंडे. मुरून चढलेली आंबील त्याला ताकच वाटली. तांब्यामागून तांब्या. मग कोपीच्या सावलीला जो आडवा झाला तो ऊन उतरलं तरी उठेना.
भाऊ: "बापूसाहेबाचं पोरगं आंबलीनं पाडलं की. निवडणुकीत आपल्याला हे कावून सुचलं न्हाई बे?"
ऋ. पदर... नाही, ओढणी तोंडाला लावून हसली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. दाखवण्यापुरतं एवढं हसावं लागत नाही.

४ जाने., रवि.
र. पुन्हा शेडवर. दर रविवारी येतो, लोकांना दिसावं म्हणून. दोघांचं तसं ठरलंय म्हणे. ऋ. त्याला वेल्डिंग शिकवते. त्याचा पहिला टाका कोंबडीनं उकरल्यासारखा. मी म्हणालो, चेअरमनसाहेबांचे चिरंजीव, घासा अन् परत मारा. मुकाट्यानं घासला, परत मारला. बरा आहे. चांगला म्हणणार नाही.

२५ जाने., रवि.
भाऊंच्या घरचे, शेजारचे, कामगार, सगळे एका लग्नाला धारूरला. शेड बंद, गल्ली रिकामी. मी माळ्यावर पट्ट्या लावत होतो. फटफटी वाजली. र.
ऋ.: "आज कशाला आलास? बघायला कुत्रं न्हाई."
"ते खिडकीचं राहिलंय ना."
खिडकी गेल्या रविवारीच झाली, मी स्वतः गुण्या लावून तपासली. ऋ.लाही माहीत. काळी काच त्याच्या हातात दिली अन् झालेल्या खिडकीपुढं दोघं बसून राहिली. मशीन चालू केलंच नाही.
मी खाली उतरलो नाही. पाय आखडले. चालायचंच.

८ फेब्रु., रवि.
बापूसाहेब आले. एकटेच, गाडी वळणावर सोडून. हिच्या आईनं चहा दिला, ती आत गेल्यावर बोलले. मंत्र्यांकडून पुन्हा निरोप आलाय. "सुपारी फुटलेली. आमी मोडलं तर आमची अब्रू जाती. तुमी मोडा. पोरगी न्हाई म्हनती, एवढं सांगा, बाकी आमी बघतो." अन् आकडा सांगितला.
म्हणजे पाडव्याला ऋ. जे फुकट करणार होती तेच. मला हसू फुटलं. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. आकडा वर गेला. मला आणखी हसू.
शेवटी न्हाई म्हणालो. आमच्याकडून मोडणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. ते उठले, चहा तसाच.

ऋ.ला विचारलं नव्हतं. हे चुकलंच. ती अन् र. तेव्हा शेडमध्ये, कशावरून तरी भांडत होते, आवाज इथपर्यंत. पाडव्याला ती काय म्हणेल, देव जाणे. मी विचारणार नाही. हिच्या आईला आज सगळं सांगितलं, ती म्हणाली, "मला येळवसलाच कळलतं." मग तिनं आकडा विचारला. सांगितला नाही. इथं लिहून ठेवतो: कारखान्याचं सगळं लोखंडी काम पाच हंगाम आमच्याकडं, अन् वर एक्कावन्न लाख.